खोकं तेच, कार्डं नवी

सिस्को कंपनीच्या कॅटॅलिस्ट ६५०९ या स्विचच्या नावातला शेवटचा ९ हा स्लॉटांचा आकडा आहे. ६५०३ मध्ये तीन स्लॉट, ६५०६ मध्ये सहा, ६५१३ मध्ये तेरा. ही मालिका १९९९ मध्ये बाजारात आली आणि पुढची कित्येक वर्षं जगभरातल्या बँका, विद्यापीठं, इस्पितळं आणि सरकारी कचेऱ्यांच्या सर्व्हर रूममध्ये ठाण मांडून बसली. आलेलं पॅकेट बघायचं, ते कुठल्या पोर्टातून बाहेर काढायचं हे ठरवायचं आणि काढून द्यायचं, एवढंच तिचं काम. टेबलावर मावणारा पाच पोर्टांचा स्विचही हेच करतो. पण तो बिघडला की दुपारी दुकानातून दुसरा आणता येतो. हजारो माणसांचं काम ज्यातून वाहतं ते धूड बंद करून बदलायचं म्हटलं, तर त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीतली रात्र शोधावी लागते.

म्हणून त्याची रचनाच सुट्या भागांची. रिकामी चासी म्हणजे पत्र्याची पेटी. तिच्या आत, पाठीशी, एक जाड सर्किट बोर्ड उभा असतो, तो बॅकप्लेन. समोरून एकेक कार्ड रुळांवर आत सरकवायचं, दोन्ही टोकांचे खटके दाबायचे, म्हणजे कार्डाच्या मागचा कनेक्टर बॅकप्लेनमध्ये घट्ट बसतो. मग स्क्रू आवळायचे. बहुतेक कार्डांवर नुसते पोर्ट असतात, ती लाइन कार्डं. एकदोन कार्डांवर सगळ्यांचा कारभारी बसतो, तो सुपरवायझर. खाली दोन पॉवर सप्लाय, एका बाजूला पंख्यांचा ट्रे. यातलं जवळपास काहीही स्विच चालू असताना काढता-घालता येतं.

चालू यंत्रात कार्ड घालण्यामागची युक्ती साधी आहे. कनेक्टरच्या सगळ्या पिना एका लांबीच्या नसतात. कार्ड आत जाताना सगळ्यात लांब पिना आधी टेकतात, आखूड पिना शेवटी. त्यामुळे अर्थिंग आधी जुळतं, सिग्नलच्या तारा नंतर, आणि कोणीतरी येतंय याची वर्दीही आधीच मिळते. कॅटॅलिस्ट ६५०० मध्ये ही वर्दी मिळाली की कार्ड पूर्ण बसेपर्यंत सामायिक बस क्षणभर थांबवली जाते. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून माणूस कार्ड सरकवतो तेव्हा त्या क्षणार्धात बाकीची कार्डंही श्वास रोखून असतात. म्हणूनच कार्ड अर्धवट सरकवून मध्येच फोन घ्यायचा नसतो.

बॅकप्लेनवर मुद्दामच फारसं काही ठेवत नाहीत. तांब्याच्या वाटा आणि कनेक्टर. जिथं चिप नाही तिथं चिप जळायची भीती नाही, आणि जळू नयेच, कारण हा एकच भाग असा की तो बदलायचा तर सगळं उपसावं लागतं. विक्रेत्यांचं सांगणं असं की चासी एकदा घ्या आणि कार्डं बदलत राहा. ते बऱ्याच अंशी खरं ठरलं. एकाच चासीत लोकांनी १०० मेगाबिटची कार्डं काढून १ गिगाबिटची घातली, मग १० गिगाबिटची. पण ‘बऱ्याच अंशी’ म्हणजे नेमकं कुठवर, हे बघायला पेटीच्या आत शिरावं लागतं. त्याआधी, या पेटीला स्विच असूनही राउटिंग का करावं लागलं ते.

इथरनेटचा पहिला खरा स्विच १९९० च्या सुमारास आला. कॅलिफोर्नियातल्या ‘कल्पना’ नावाच्या कंपनीचा, सात पोर्टांचा. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक. भारद्वाज यांनी पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. १९९४ मध्ये सिस्कोनं ती विकत घेतली. स्विच पॅकेटवरचा यंत्राचा पत्ता वाचतो आणि ज्या पोर्टावर तो पत्ता राहतो तिकडे पाठवतो. पत्ता माहीत नसला तर सगळ्या पोर्टांवर पाठवतो. ही शेवटची सवय लहान जाळ्यात निरुपद्रवी असते. मोठ्या जाळ्यात, एखादी केबल निकामी झाली तरी काम थांबू नये म्हणून दोन स्विचांमध्ये दोन वाटा ठेवलेल्या असतात, आणि तिथंच घोटाळा होतो. सगळीकडे पाठवलेलं पॅकेट एका वाटेनं जातं, दुसरीनं परत येतं, पुन्हा जातं. इथरनेटच्या चौकटीत आयुष्याची मर्यादा लिहायला जागाच नाही, त्यामुळे ते कधीच मरत नाही. प्रत्येक फेरीत त्याच्या आणखी प्रती निघतात आणि काही सेकंदांत जाळं तुंबतं.

यावर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधल्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच, स्विचच्या पूर्वजांसाठी, स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली होती. स्विच आपापसांत बोलून ठरवतात की जादा वाटा बंद ठेवायच्या आणि गरज पडली तरच उघडायच्या. सुंदर पद्धत आहे, पण तिचे मूळ वेळमापक असं धरून चालतात की जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातापेक्षा जास्त स्विच नसतील.

बोस्टनमधल्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या इस्पितळात ते होते. वर्षानुवर्षं स्विचला स्विच जोडत जाळं वाढत गेलं होतं. १३ नोव्हेंबर २००२ रोजी त्यात एका संशोधकाच्या अवजड डेटाची भर पडली, स्विचांचे आपापसांतले निरोप वेळेत पोचेनासे झाले, बंद ठेवायच्या वाटा उघडल्या आणि जाळं स्वतःचीच पॅकेटं गिळत बसलं. ते सावरायचं, पुन्हा कोसळायचं. चारेक दिवस इस्पितळ कागदावर चाललं: तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या नोंदी, सगळं हातानं लिहून, हातानं नेऊन. सिस्कोनं माणसं आणि सामान तातडीनं रवाना केलं, आणि जाळ्याच्या गाभ्यात राउटिंग करणारी नवी यंत्रं बसवून ते पुन्हा उभं केलं. संस्थेचे तेव्हाचे मुख्य माहिती अधिकारी जॉन हलाम्का यांनी हा सगळा प्रकार नंतर जाहीरपणे सांगितला. अशा वेळी संस्था सहसा मिठाची गुळणी धरतात. त्यांनी धरली नाही, म्हणूनच हे प्रकरण आजही नेटवर्कच्या वर्गात शिकवण्याजोगं आहे.

राउटिंगनं काय साधतं? जाळ्याचे तुकडे पडतात. एका इमारतीतला गोंधळ त्या इमारतीपुरता राहतो, कारण राउटर अनोळखी पत्त्याचं पॅकेट चारी दिशांना उधळत नाही, टाकून देतो. आयपी पॅकेटावर आयुष्याचा आकडा असतो, प्रत्येक राउटर तो एकानं कमी करतो, शून्य झाला की पॅकेट संपतं. चक्र तयार झालंच तरी ते अनंत राहत नाही. हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. अडचण होती वेगाची. १९९० च्या दशकातले बहुतेक राउटर सर्वसाधारण प्रोसेसरवर, सॉफ्टवेअरमध्ये विचार करत, आणि स्विच हेच काम चिपमध्ये उरकत. राउटिंगचा निर्णयही चिपमध्येच घ्यायचा, असं यंत्र त्या दशकाच्या उत्तरार्धात अनेकांनी एकाच वेळी केलं. रॅपिड सिटी कम्युनिकेशन्स नावाच्या छोट्या कंपनीला १९९७ मध्ये बे नेटवर्क्सनं विकत घेतलं ते याच यंत्रासाठी. त्याला त्यांनी ‘राउटिंग स्विच’ म्हटलं.

चिप का लागते हे एका आकड्यावरून कळतं. १० गिगाबिटच्या एका पोर्टावर ६४ बाइटची, म्हणजे सगळ्यात लहान पॅकेटं पाठोपाठ आली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार येतात. एका पॅकेटाला साधारण ६७ नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात लाखो रस्त्यांच्या यादीतून सगळ्यात नेमका रस्ता शोधायचा. २००३ च्या सुपरवायझर ७२० या कार्डावर ६०० मेगाहर्ट्झचे प्रोसेसर होते. त्यांच्या हिशेबानं ६७ नॅनोसेकंद म्हणजे घड्याळाचे चाळीस ठोके. चाळीस ठोक्यांत प्रोसेसर यादीचं पहिलं पानसुद्धा उलटत नाही.

आता पेटीच्या पोटात. पहिल्या कॅटॅलिस्ट ६५०० मध्ये कार्डांना जोडणारी एकच सामायिक बस होती, ३२ गिगाबिटची. एक कार्ड बोलतं तेव्हा बाकीची ऐकतात. हे फार दिवस पुरणारं नव्हतं. त्याच्या जागी क्रॉसबार आला: एका बाजूला येणाऱ्या वाटा, दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या, आणि प्रत्येक छेदावर एक उघडझाप करणारं दार. पहिलं कार्ड पाचव्याशी बोलत असताना दुसरं सातव्याशी बोलू शकतं.

कागदावर हे निर्दोष दिसतं. १९८७ मध्ये बेल लॅब्जच्या कॅरोल, ह्लुखी आणि मॉर्गन यांनी गणित मांडलं तेव्हा निघालं भलतंच. प्रत्येक येणाऱ्या वाटेवर एकच रांग ठेवली, तर मोठ्या क्रॉसबारची क्षमता ५८.६ टक्क्यांच्या वर जातच नाही. उरलेली ४१ टक्के कुठं गेली? पुण्याच्या कुठल्याही चौकात ती सापडतील. डावीकडचा रस्ता मोकळा असतो, तुम्हाला डावीकडेच वळायचं असतं, पण तुमच्या पुढे सरळ जाणारी रिक्षा लाल दिव्याला उभी असते. रांगेतल्या पहिल्याची वाट अडली की मागच्या सगळ्यांची अडते, त्यांची वाट मोकळी असली तरी.

इलाज असा की रांग येणाऱ्या वाटेवरच ठेवायची, पण प्रत्येक जाणाऱ्या वाटेसाठी वेगळी. बत्तीस वाटा असतील तर प्रत्येक कार्डाशी बत्तीस रांगा. मग नवा प्रश्न: दर खेपेला कोणत्या रांगेला सोडायचं? सगळ्या जोड्या उत्तम जुळवायचं गणित आहे, पण ते इतकं जड की तोवर पुढची खेप येऊन ठेपते. निक मॅककीऑन यांनी १९९० च्या दशकात यावर आयस्लिप ही रीत बसवली. प्रत्येक येणारी वाट आपल्याला हव्या त्या सगळ्या जाणाऱ्या वाटांकडे मागणी नोंदवते. प्रत्येक जाणारी वाट आलेल्या मागण्यांपैकी एकीला होकार देते, पाळीपाळीनं. होकार मिळालेली वाट त्यांतला एक स्वीकारते, तेही पाळीपाळीनं. मेख पाळीच्या काट्यात आहे: होकार स्वीकारला गेला तरच काटा पुढे सरकतो. या एका अटीमुळे वेगवेगळ्या वाटांचे काटे हळूहळू एकमेकांपासून सुटतात, एकाच गिऱ्हाइकाला सगळ्यांनी होकार देण्याचा गोंधळ संपतो, आणि सारख्या वाटलेल्या गर्दीत क्रॉसबार शंभर टक्क्यांपर्यंत चालतो. सिस्कोच्या १२००० मालिकेच्या राउटरमध्ये हीच रीत वापरली गेली. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, हिरवे दिवे लुकलुकतात एवढंच. मला मात्र या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

सुपरवायझर ७२० चं नाव त्याच्या ७२० गिगाबिटच्या क्रॉसबारवरून पडलं. हा आकडा कसा येतो ते पाहण्यासारखं आहे. २० गिगाबिटच्या अठरा वाटा, म्हणजे ३६०. जाणारे ३६० आणि येणारे ३६० वेगळे मोजले की ७२०. खोटं कोणीच बोललेलं नाही. हातातून निघालेलं आणि दुसऱ्या हातात पडलेलं असे दोन रुपये मोजलेत इतकंच. सगळा धंदा असाच मोजायचा, त्यामुळे एकट्या सिस्कोला बोल लावण्यात अर्थ नाही.

पण खरेदी करणाऱ्यानं बघायचा आकडा तिसराच, आणि तो माहितीपत्रकावर ठळक नसतो: एका स्लॉटला किती मिळतं. या पेटीत एका कार्डाला जास्तीत जास्त दोन वाटा, म्हणजे ४० गिगाबिट. १० गिगाबिटच्या चार पोर्टांचं कार्ड तिथं पुरेपूर भागतं. त्याच स्लॉटमध्ये आठ पोर्टांचं कार्डही बसतं, सोळा पोर्टांचंही. सोळा पोर्टांच्या कार्डाला तोंडं १६० गिगाबिटची आणि घसा ४० चा. कार्यालयातल्या संगणकांना हे चालून जातं, कारण सगळे एकाच क्षणी पूर्ण वेगानं कधीच बोलत नाहीत. साठवणुकीचे सर्व्हर त्याला जोडले तर रात्रीच्या बॅकअपच्या वेळी पॅकेटं गळायला लागतात आणि दोष भलत्यालाच जातो. कार्ड नवं आहे, पोर्ट नवे आहेत. वाट जुन्या पेटीची आहे. आणि २०११ मध्ये आलेला सुपरवायझर २टी तर मूळच्या चासीत चाललाच नाही, त्याला सुधारित ‘ई’ चासी लागत असे. कार्डं बदलत राहायच्या आश्वासनाची हद्द साधारण इथं येते.

दुसरी हद्द आणखी आत आहे. रस्त्यांची यादी जिथं राहते त्या स्मृतीला टीकॅम म्हणतात. साध्या स्मृतीला जागा सांगितली की ती तिथला मजकूर देते. टीकॅमला मजकूर द्यायचा, ती सगळ्या ओळींशी एकाच वेळी ताडून पाहते आणि जुळणारी जागा सांगते. शिवाय तिच्या प्रत्येक खान्यात शून्य आणि एक यांच्या जोडीला ‘काहीही चालेल’ अशी तिसरी नोंद ठेवता येते, जी आयपी पत्त्यांच्या गटांसाठी अगदी हवीच असते. एका फटक्यात उत्तर मिळतं. किंमत अशी की ही स्मृती महाग, वीज खाणारी आणि ठरावीक आकाराची. नंतर ओतून वाढवता येत नाही.

सुपरवायझर ७२० च्या सर्वांत मोठ्या प्रकारात ती सुमारे दहा लाख नोंदींची होती, पण मूळ मांडणीत आयपी आवृत्ती ४ च्या वाट्याला ५१२ के, म्हणजे ५,२४,२८८ नोंदी येत; उरलेली जागा आवृत्ती ६ साठी राखलेली. १२ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतल्या व्हेरायझननं सुमारे १५,००० नवे छोटे रस्ते थोड्या वेळासाठी जगाला जाहीर केले, आणि इंटरनेटच्या रस्त्यांच्या यादीनं बऱ्याच ठिकाणी ती रेघ ओलांडली. इंटरनेटची पूर्ण यादी बाळगणारी या जातीची यंत्रं बंद पडली नाहीत. पडली असती तर बरं झालं असतं. टीकॅममध्ये न मावलेले रस्ते त्यांनी प्रोसेसरकडे सोपवले, त्याच ६०० मेगाहर्ट्झवाल्याकडे. काही पत्ते झटक्यात उघडायचे, काही रखडायचे, काही मिळायचेच नाहीत. अनेक होस्टिंग कंपन्यांची सेवा त्या दिवशी अडखळली. सिस्कोनं याची सूचना काही महिने आधी दिली होती आणि उपायही सांगितला होता: एका आज्ञेनं वाटणी बदला, आवृत्ती ४ ला जास्त जागा द्या. मात्र ती अमलात यायला स्विच पुन्हा सुरू करावा लागतो. जे यंत्र बंद करावं लागू नये म्हणून एवढ्या खटपटीनं घेतलं, ते बंद करायला सांगणारी सूचना बऱ्याच जणांनी पुढच्या सुट्टीवर ढकलली होती.

दोन सुपरवायझर, दोन पॉवर सप्लाय, कुठलाही भाग चालू असताना बदलायची सोय, एवढं करूनही पेटी एकच राहते. दोन्ही सुपरवायझरवर सॉफ्टवेअर तेच, त्यातली चूकही तीच. म्हणून गाभ्यात नेहमी दोन पेट्या ठेवतात. नॉर्टेल कंपनीनं यासाठी एक चांगली सोय केली होती: खालच्या स्विचच्या दोन केबली दोन वेगळ्या पेट्यांत जात, पण खालच्याला ती एकच जाड केबल वाटे. स्पॅनिंग ट्रीला बंद ठेवायला जादा वाटच उरत नाही, दोन्ही केबली वाहत राहतात. सिस्कोनंही पुढे आपल्या दोन पेट्या एक करून दाखवल्या. नॉर्टेलनं बे नेटवर्क्सला आणि तिच्याबरोबर रॅपिड सिटीच्या वंशालाही १९९८ मध्ये ताब्यात घेतलं होतं. जानेवारी २००९ मध्ये नॉर्टेलच दिवाळखोरीत गेली. तिचा कार्यालयीन नेटवर्क आणि फोनचा धंदा अवायानं ९० कोटी डॉलरला घेतला, आणि २०१७ मध्ये अवायाचा नेटवर्कचा भाग एक्स्ट्रीम नेटवर्क्सकडे सुमारे १० कोटी डॉलरला गेला. रॅकमधल्या पेटीवरची पाटी बदलत गेली. आतलं कुळ रॅपिड सिटीचंच.

मोठ्या क्लाउड कंपन्यांनी दरम्यान या पेट्यांचा नाद सोडला. गूगलनं २००५ च्या आसपासपासून स्वतःची जाळी बांधायला घेतली, लहान, एकसारख्या, स्वस्त चिपांच्या स्विचांची. मांडणी मात्र जुनीच: बेल लॅब्जच्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी लिहिलेली. लहान स्विचांचे थर रचून मोठा स्विच करायचा. चिपाही वाढत गेल्या. २०२२ च्या ब्रॉडकॉमच्या टॉमाहॉक ५ या एकाच चिपमध्ये ५१.२ टेराबिट मावतात, तेही एकदाच मोजून. एका बाजूच्या ३६० गिगाबिटशी तुलना केली तर जुन्या क्रॉसबारच्या सव्वाशे पटींहून अधिक. मग पेटी कोणाला लागते?

मजल्यावरच्या वायरिंगच्या खोलीला लागते. तिथं सगळ्या केबली एकाच जागी उतरलेल्या असतात आणि प्रत्येक केबलीतून फोनला, कॅमेऱ्याला, वायफायच्या ठोकळ्याला वीजही पुरवायची असते. ६५०९ मध्ये एक सुपरवायझर आणि ४८ पोर्टांची आठ कार्डं बसतात, ३८४ पोर्ट. २००३ च्या मानकाप्रमाणे पोर्टाला १५.४ वॉट धरले तर नुसत्या फोनांनाच ५.९ किलोवॉट. या पेटीचा ६००० वॉटचा पॉवर सप्लाय २२० व्होल्टच्या दोन जोडण्या मागतो, आणि जुन्या इमारतीत त्या ओढून घेणं हे स्विच विकत घेण्यापेक्षा कटकटीचं निघतं. हवेचंही तसंच. ६५०९ एका कुशीनं हवा ओढून दुसऱ्या कुशीनं सोडतो. दोन रॅक शेजारी ठेवले की पहिल्याची गरम हवा दुसऱ्याच्या नाकात.

सिस्कोच्या २०१३ च्या नेक्सस ९५०० मध्ये कोंडलेली हवा आणि जुन्या पेटीची वाट या दोन्हींवर एकच उपाय केला आहे. त्यात बॅकप्लेन नाहीच. समोरून लाइन कार्डं आडवी येतात, मागून फॅब्रिकची, म्हणजे लाइन कार्डांना आपापसांत जोडणारी, कार्डं उभी येतात, आणि दोन्हींचे कनेक्टर पेटीच्या मधोमध थेट एकमेकांत अडकतात. मध्ये भिंत नसल्यामुळे हवा समोरून मागे सरळ वाहते. वेग वाढवायचा तर मागची कार्डंही बदलता येतात. चिपांची मांडणी पाहिली तर लाइन कार्डं हा क्लॉसचा खालचा थर आणि फॅब्रिकची कार्डं वरचा. क्लाउडवाल्यांनी सभागृहभर पसरवलेलंच जाळं इथं एका पत्र्यात. फॅब्रिकचं कार्ड मात्र पंख्याच्या ट्रेमागे बसतं, त्यामुळे ते काढायचं तर आधी पंखे काढावे लागतात.